गरोदरपण, तंबाखू आणि 'पाठवा' बटण : सल्ला हवा आहे (इंदूर)

रामबागकर | सोम, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका धर्मादाय सूतिकागृहाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. नाव विचारू नका.

ओपीडीत बाई आली की सिस्टर वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि शेवटच्या पाळीची तारीख भरतात. (तारीख भरल्याशिवाय फॉर्म सेव्हच होत नाही. ही करामत माझीच, आणि त्यासाठी सिस्टरांच्या शिव्या अजून खातो.) सगळ्यात खाली एक रकाना आहे, 'धूम्रपान : हो / नाही'. चार वर्षांत त्यात एकच 'हो' आलं, आणि तेही चुकून क्लिक झालेलं निघालं.

आता आमच्या डॉक्टरताईंना वाटतंय की 'हो' आलं की बाईचं नाव आणि नंबर आपोआप समुपदेशक ताईंच्या स्क्रीनवर जावं आणि त्यांनी दोन दिवसांत फोन करावा. सध्या बाईला चिठ्ठी देतात, 'तिसऱ्या मजल्यावर भेटा'. लिफ्ट बहुतेक वेळा बंद. सातव्या महिन्यातली बाई तीन जिने चढून तंबाखूवर बोलायला कशाला जाईल?

बटण करणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. अडलंय दुसरीकडंच. नाव आपोआप पाठवावं की बाईला विचारून? आणि मुळात 'हो' येतच नसेल तर हे बटण म्हणजे वाळवंटात होडी नाही का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

सराफ्यातला | सोम, रात्री ९.५२

भिया, आपल्याकडं बायका सिगारेट ओढतात कुठं? हा विलायती प्रश्न आहे. पोहे खा आणि झोपा.

कुमुदिनी | सोम, रात्री १०.०५

सराफ्यातला, तुमच्या आजीच्या फळीवर मिश्रीची डबी नव्हती का हो?

सराफ्यातला | सोम, रात्री १०.०७

होती की. पण ते दात घासायला. तंबाखू वेगळी.

निळी_शाई | सोम, रात्री १०.३१

नाही हो, वेगळी नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजेच मिश्री. हिरडीवर घासली की निकोटीन थेट रक्तात. म्हणून तर सकाळी मिश्री लावल्याशिवाय 'डोकं चालत नाही' आणि 'पोट साफ होत नाही'. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडं १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री मंजन म्हणून विकलीच जात नाही. तंबाखू म्हणून विकली जाते आणि मंजन म्हणून वापरली जाते.

रामबागकर, तुमच्या रकान्याचं नावच चुकलंय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १४.२ टक्के प्रौढ बायका तंबाखू घेतात असं आलं. सगळ्या प्रौढ बायकांत धूर काढणाऱ्या जेमतेम २ टक्के, बिनधुराची घेणाऱ्या १२.८ टक्के (काही दोन्ही घेतात). तुम्ही विचारताय फक्त त्या दोनांबद्दल.

लष्करची_मावशी | मंगळ, सकाळी ६.२०

मी ग्वाल्हेरची. एएनएम, म्हणजे सरकारी नर्सबाई म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. निळी_शाई यांनी बरोबर धरलं, पण त्यात आणखी एक मेख आहे.

'तंबाखू घेतेस का' असं विचारलं की बाई 'नाही' म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे नवरा तळहातावर चुना लावून मळतो ती. ती घेते ते गुल, गुडाखू किंवा मिश्री (सगळी दातांना लावायची तंबाखूच), आणि तिच्या लेखी ते झालं मंजन. म्हणून मी कधी तंबाखूचं नावच काढलं नाही. वजनकाट्यावर उभी करायची आणि आकडा बघता बघता सहज विचारायचं, 'मंजन किससे करती हो?' पुढचा प्रश्न, 'दिन में कितनी बार?' दात कुणी पाच वेळा घासत नाही. पाच म्हणाली की कळलं.

बांधकामावरच्या मजूर बायका विडीसुद्धा ओढतात आणि ते लपवत नाहीत. लपवतात त्या घरातल्या सुना. हे सगळं विचारायचं ते सासूला 'जरा बाहेर बसा' म्हटल्यानंतर. ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते, त्या गर्दीत सासूला बाहेर बसवणं हेच निम्मं काम.

भोंगा | मंगळ, सकाळी ७.४५

मावशींना दंडवत.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता 'आमच्या आजीला काही झालं नाही' येईल बघा.)

सराफ्यातला | मंगळ, सकाळी ८.१०

आलोच. आमच्या आजीनं जन्मभर मिश्री लावली. एक्याण्णव वर्षं जगली. नऊ बाळंतपणं घरात झाली, एकदाही दवाखान्याचं तोंड बघितलं नाही.

कुमुदिनी | मंगळ, सकाळी ८.१४

नवातली राहिली किती?

सराफ्यातला | मंगळ, सकाळी ८.४०

पाच.

सराफ्यातला | मंगळ, सकाळी ८.४१

पण त्या काळात सगळ्यांचीच जायची.

निळी_शाई | मंगळ, सकाळी ९.३०

जायची, खरंय. तुमच्या आजीची कशानं गेली हे आता कुणीच सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण हे मोजलेलं आहे आणि आपल्याच माणसांत मोजलेलं आहे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिश्री, घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत होण्याचं प्रमाण जास्त. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २००६ मध्ये आला. मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांत ३.१ टक्के होतं, घेणाऱ्यांत ८.९.

पाटीवरचा_खडू | मंगळ, सकाळी १०.०२

अवांतर : आमच्याकडं मिश्री कोल्हापूरच्या आत्याकडून यायची. इंदूरची 'लागत नाही' अशी आजीची तक्रार. पत्रात खुशालीनंतर दुसरी ओळ मिश्रीची. आत्या गेल्यावर आजीनं पंधरा दिवस सोडली, मग राजवाड्यामागच्या एका दुकानाचा शोध लागला आणि जैसे थे.

मांडवीकर | मंगळ, सकाळी ११.१५

बडोद्याहून नमस्कार. इकडं मिश्रीऐवजी बजर. तीही तंबाखूच, बारीक पूड, बोटावर घेऊन हिरडीला लावायची. आमच्या कामवाल्या बेन दुपारच्या चहानंतर ओट्याशी टेकून पाच मिनिटं ते करतात. त्या पाच मिनिटांत त्यांना हाक मारायची नाही, असा घरचा नियमच आहे.

तुमचं बटण चांगलं आहे पण नवीन नाही. गुजरातेत नर्सबेन मोबाइलवर 'टेको' या सरकारी अ‍ॅपमध्ये सगळं भरतात, बुधवारी ममता दिवस (गरोदर बायका आणि बाळांची तपासणी) असतो. माहिती वर जाते. वरून खाली काय येतं ते बघा. फोन येणार असेल तरच नाव पाठवा, नाही तर आणखी एक रकाना भरल्याचं पुण्य.

लीड्सची_सून | मंगळ, दुपारी ३.२०

मूळची इंदूरच्या सुदामानगरची, आता इंग्लंडात, नावावरून कळेलच. इथं हा प्रकार मी स्वतः भोगलाय.

पहिल्याच भेटीत मिडवाइफनं एक नळी दिली आणि दम धरून फुंकायला सांगितलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. ओढता की नाही हे न बघता प्रत्येक गरोदर बाईचा मोजतात. आकडा ४ किंवा वर गेला की नाव आपोआप सिगारेट सोडवणाऱ्या सेवेकडं जातं. 'पाठवू का' असं विचारत नाहीत. 'पाठवतोय' म्हणतात, नको असेल तर तुम्ही सांगायचं.

माझा आला ६. मी! जिनं कॉलेजात सुद्धा कुणाच्या हातातली घेऊन ओढली नाही. नवराही ओढत नाही. मिडवाइफ काही बोलली नाही, पण नजर बोललीच. घरी येऊन रडले. दोन दिवसांनी फोन आला आणि मी तणतणत उचलला. पलीकडच्या बाईनं पहिलं वाक्य काय टाकावं? 'सिगारेट नसेल तर घरातला बॉयलर कधी तपासला होता?'

बॉयलर, म्हणजे घर तापवायचा बंब, खराब निघाला. त्याचा धूर घरातच कोंडत होता. घरमालकाला रात्री दहा वाजता उठवलं. तेव्हापासून 'आपोआप' या शब्दाला मी नावं ठेवत नाही. मला विचारलं असतं तर मी मानी बाई 'नको' म्हणून मोकळी झाले असते.

भोंगा | मंगळ, दुपारी ३.३५

मस्त किस्सा. रामबागकर, घ्या एक नळी.

लष्करची_मावशी | मंगळ, दुपारी ४.००

नळीचा काय उपयोग? मिश्रीला धूर नाही. धूर नाही तर नळीत आकडा कसला येणार? दिवसाला दहादा मिश्री लावणारी बाई फुंकेल आणि मशीन म्हणेल सगळं उत्तम. नवऱ्याच्या विडीचा आणि चुलीचा धूर मात्र येईल. तेही कळलं तर वाईट नाही, पण तो वेगळा धागा.

रामबागकर | मंगळ, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रश्न डॉक्टरताईंना वाचून दाखवला. त्या मिनिटभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'रकाना बदल.' बदलला. आता 'दात कशाने घासता?' आणि खाली पर्याय : ब्रश, दातवण, राखुंडी, मिश्री, गुल, गुडाखू, इतर. त्याखाली 'विडी-सिगारेट' आणि 'पुडी / पाऊच' वेगळे. बटण अजून केलेलं नाही.

चार_आणे | मंगळ, रात्री ९.४८

मी काडी टाकतो. आपोआप पाठवणं म्हणजे बाईच्या परवानगीशिवाय तिची खासगी गोष्ट तिसऱ्याला देणं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. तुम्ही धर्मादाय असाल, म्हणून बाईंची माहिती धर्मादाय होत नाही.

निळी_शाई | मंगळ, रात्री १०.२०

चार_आणे, संमती घ्यावीच, फक्त ती कशी मागता यावर सगळं ठरतं. 'तुम्हाला समुपदेशन हवं आहे का?' याला उत्तर 'नाही'. 'आमच्या ताई परवा फोन करतील, चालेल ना?' याला उत्तर 'चालेल'. दोन्ही संमतीच.

आणि फोन कुणी कुणाला करायचा यानं किती फरक पडतो ते अमेरिकेत ह्यूस्टनला तपासलं होतं, २०१३ साली छापून आलं. दहा दवाखाने घेतले. निम्म्यांत ओढणाऱ्याला सिगारेट सोडवणाऱ्या हेल्पलाइनचं कार्ड हातात द्यायचं, आपल्या चिठ्ठीसारखं. निम्म्यांत त्याच्या होकारानं नाव कॉम्प्युटरमधूनच हेल्पलाइनला जायचं आणि फोन तिकडून यायचा. कार्डवाल्यांपैकी ०.६ टक्के लोकांनी उपचार सुरू केले, दुसरीकडं ७.८ टक्क्यांनी. तेरा पट. तो अभ्यास सगळ्या रुग्णांचा होता, गरोदर बायकांचा नाही, हे मान्य. पण जिना तोच.

चार_आणे | मंगळ, रात्री १०.२६

म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव तरीही आल्या नाहीत. तुमच्या तेरा पटीत ते दिसत नाही.

निळी_शाई | मंगळ, रात्री १०.२९

आल्या नाहीतच. मी कुठं म्हटलं की बटण दाबलं की तंबाखू सुटते? बटणानं फोन वाजतो, बस.

पाटीवरचा_खडू | मंगळ, रात्री १०.४०

आणि वाजवायला माणूस लागतो. आमच्या इंदुरात कचरागाडी रोज दारात येते म्हणून कचरा जातो. 'कचरा टाकायला ट्रेंचिंग ग्राउंडवर या' अशी चिठ्ठी दिली असती तर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आला असता का?

सराफ्यातला | मंगळ, रात्री १०.४४

आता बोललात इंदुरी माणसासारखं.

गच्चीवरची_तुळस | बुध, दुपारी १.१०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते.

दुसऱ्या वेळच्या गरोदरपणात मी मिश्री लावत होते. आईकडून आलेली सवय. बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरी, आणि टिफिनच्या पिशवीत डबी. कुणाला सांगितलं नव्हतं. एका खासगी दवाखान्यात तपासणी होती. तिथल्या बाईंना धीर करून सांगितलं. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि 'आमच्याकडून फोन येईल' म्हणाल्या. बरं वाटलं.

फोन आला, पण यांच्या मोबाइलवर. फॉर्मवर नंबर यांचा होता. सगळीकडं यांचाच असतो, गॅसपासून शाळेपर्यंत. पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, 'मॅडमच्या तंबाखूच्या सवयीबद्दल बोलायचं होतं' म्हणाली. हे जेवायला बसले होते. सासूबाई वाढत होत्या.

पुढचं लिहित नाही. मारहाण वगैरे काही झालं नाही, तसं घर नाही आमचं. पण मुलगी अडीच किलोला थोडी कमी जन्मली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ती आता दहावीत आहे तरी तिला सर्दी झाली की अजून बघतात. मिश्री मी त्या महिन्यात सोडली नाही. उलट वाढली, न्हाणीघरात. नंतर सुटली, माझी मी.

रामबागकर, बटण करा. पण नंबर कुणाचा ते आधी विचारा.

लष्करची_मावशी | बुध, दुपारी १.३२

बाळा, बरं केलंस लिहिलंस.

कुमुदिनी | बुध, दुपारी १.४५

तुळस, __/\__

चार_आणे | बुध, दुपारी २.०५

मी कायदा सांगत होतो, आणि फॉर्ममधल्या नंबराचा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता.

मांडवीकर | बुध, दुपारी ३.४०

आमच्या बेनच्या घरात चौघांत एक फोन. तो दिवसा मुलाकडं असतो, रिक्षात. रामबागकर, फोन कधी करायचा, हाही रकाना ठेवा. आणि फोन करणाऱ्या ताईंनी 'सूतिकागृहातून बोलतेय, पुढच्या तपासणीची तारीख सांगायची होती' एवढंच म्हणायचं. बाई स्वतः फोनवर आली तरच पुढचं.

लीड्सची_सून | बुध, दुपारी ४.१५

तुळस, माझ्या बॉयलरची गोष्ट मी फार मजेत सांगितली, आता वाटतंय. माझा फोन माझ्याच पर्समध्ये होता म्हणून ती मजेची झाली.

भोंगा | बुध, सायंकाळी ५.००

विषय थोडा बदलतो. सोडल्यावर काही बक्षीस ठेवता येईल का? कुठंतरी वाचलंय.

निळी_शाई | बुध, सायंकाळी ५.२५

ग्लासगोत केलंय. सोडणाऱ्या गरोदर बायकांना मिळून ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपनं. नेहमीच्या मदतीवर ८.६ टक्के सुटल्या, कुपनांसकट २२.५ टक्के. २०१५ मध्ये छापून आलं. पण सोडल्याची खात्री करायला त्यांच्याकडं तपासणी होती. आपण मिश्रीचं काय तपासणार? लाळेतलं कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) मोजता येतं, पण धर्मादाय ओपीडीत ते कुठून आणायचं?

सराफ्यातला | बुध, सायंकाळी ५.३१

कुपन द्याल तर नवरा घेऊन जाईल सराफ्यातल्या खाऊगल्लीत. मी बघितलंय. (मी नेलंय.)

कुमुदिनी | बुध, सायंकाळी ५.४०

रामबागकर, तुमच्याकडं फोन करायला एकच ताई आहेत ना? रजेवर गेल्या तर? तेव्हा तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा नंबर तरी हाताशी असू द्या, १८००-११-२३५६. फुकट आहे, २०१६ पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून चालतो. २०१८ पासून तंबाखूच्या पुड्यांवरही छापतात. पण औषधगोळीचं स्वतःहून कुणी काही करू नये. गरोदरपणात निकोटीनचं च्युइंगम सुद्धा डॉक्टरला विचारूनच.

पाटीवरचा_खडू | बुध, सायंकाळी ५.५२

पुडीवर आहे खरा, पण मिश्री सुटी घेतली तर? आमच्या आजीची वर्तमानपत्राच्या पुडीत यायची.

रामबागकर | रवि, सकाळी ११.२०

उशिराबद्दल क्षमस्व. बटण शुक्रवारी चालू केलं, जसं ठरलं होतं तसं नाही.

नंबराच्या रकान्यापुढं आता 'फोन कोणाचा?' आहे : स्वतःचा, पतीचा, सासरच्यांचा, शेजारचा. 'स्वतःचा' असेल तरच नाव फोनच्या यादीत जातं. बाकी कुणाचाही असेल तर फोन होत नाही. नावापुढं एक छोटा हिरवा ठिपका मात्र दोन्हींकडं येतो, आणि फोन होत नसेल तिथं पुढच्या तपासणीच्या तारखेला समुपदेशक ताई स्वतः खाली येऊन वजनकाट्याशेजारी बसतात. स्क्रीनवर 'तंबाखू' हा शब्द कुठंही नाही, कारण बाकावरून स्क्रीन दिसते हे मला परवा कळलं. बाईला सांगून, 'चालेल ना' विचारून मगच ठिपका. चार_आणे, खूश?

शुक्रवारी दुपारपर्यंत चार ठिपके आले. चार वर्षांत शून्य आणि एका सकाळी चार! सिस्टर म्हणाल्या, सर, सिस्टम बिघडली वाटतं.

चार_आणे | रवि, सकाळी ११.३४

खूश. हिरवा का पण? हिरवा म्हणजे सगळं ठीक असं वाटेल.

रामबागकर | रवि, सकाळी ११.३६

लाल ठेवला होता. सिस्टरांना वाटलं हिमोग्लोबिन कमी आहे, दोघींना लोहाच्या गोळ्या दिल्या.

लष्करची_मावशी | रवि, दुपारी १२.१०

त्या काही वाया नाही जायच्या. चारींपैकी फोन स्वतःचा किती जणींचा?

रामबागकर | रवि, दुपारी १२.१५

एकीचा. शनिवारी ताईंनी केला, वीस मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

एक राहिलं. त्या चारींतल्या एकीची सासू बाहेर बाकावर बसली होती. आत काय विचारतात ते सुनेनं तिला सांगितलं असावं. तपासणी झाल्यावर सासूबाई खिडकीशी आल्या, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, 'माझं पण नाव घाल रे त्यात.' चाळीस वर्षं मिश्री लावतात म्हणे.

सिस्टरनं घातलं. फॉर्म सेव्ह होईना. शेवटच्या पाळीची तारीख मागत बसला.

गच्चीवरची_तुळस | रवि, दुपारी १२.२२

😄 मग?

रामबागकर | रवि, दुपारी १२.२५

मग काय, डॉक्टरताईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि पेनानं लिहिलं. मी आज रविवार असून ऑफिसात बसलोय, तेवढा एक रकाना सैल करतोय.